सल्ला हवा: लाकूड-कॅनव्हासची जुनी कनू (वल्हवायची हलकी, निमुळती नाव) घ्यायची आहे, बजेट १२०० कॅनेडियन डॉलर

भरती_ओहोटी: नमस्कार मंडळी. पीटरबरोजवळ राहतो. इथलं कॅनेडियन कनू म्युझियम पाहिल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. दोन कनू बघून आलोय, दोन्ही १६ फुटी. एक चेस्टनट कंपनीची: रंग झकास, पण कुणीतरी कॅनव्हास काढून फायबरग्लास चढवलाय, ९०० डॉलर. दुसरी ओल्ड टाउन कंपनीची: कॅनव्हास लोंबतोय, ११ बरगड्या (आतल्या वाकवलेल्या आडव्या पट्ट्या) मोडल्यात, ३५० डॉलर. सामान धरून १२०० च्या वर एक डॉलर नाही. सुतारकाम शाळेत केलं तेवढंच. कुठली घेऊ?

मेपल_मामा: सरळ नवी केवलरची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) घ्या. आम्ही ३४०० ला घेतली. १८ किलो, आमची ही एकटी डोक्यावर घेते. लाकडाची ३५ च्या आसपास भरेल.

सुतारपक्षी: मामा, बजेट वाचा की! भरती, फायबरग्लासवालीला हात लावू नका. मी लावला होता. हीट गनने तापवून सोलण्यात दोन उन्हाळे गेले, आणि राळ मुरली होती तिथे फळीचे ढलपेच निघून आले. सीडरची फळी पाव इंचसुद्धा जाड नसते.

मालवणचा_दर्या: आमच्या आजोबांच्या होडीला माशाचं तेल लावायचे, वर्षानुवर्षं टिकली. तुम्हीही तेल लावा, कॅनव्हासची भानगडच नको.

सुतारपक्षी: दर्याभाऊ, होडीच्या सांध्यांत कापूस ठोकतात. इथे फळ्या नुसत्या शेजारी शेजारी. पाणी अडवतो तो कॅनव्हास आणि त्यात मुरवलेला फिलर, म्हणजे कापडाची छिद्रं बुजवणारा लेप.

मालवणचा_दर्या: ठीक. पण तेलाला नावं ठेवू नका.

नवखा_नाखवा: फायबरग्लास नको, +१. माझी चूक सांगतो. पहिल्या हिवाळ्यात कनू अंगणात जमिनीवर पालथी ठेवली. बर्फ वितळला, टोकं ओलीच राहिली, दोन्हीकडची लाकडं गेली. फार वाईट वाटलं. लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, वर छप्पर हवंच.

बँगोरची_माई: मी अमेरिकेतल्या मेन राज्यात असते, ही बांधणी इथलीच. इथल्या पेनॉब्स्कॉट या मूलनिवासी लोकांच्या भूर्जसालीच्या कनूचा आकार घेतला आणि सालीच्या जागी कॅनव्हास ताणला. मी तीन दुरुस्त केल्यात.

मोडक्या बरगड्यांना घाबरू नकोस. कॅनव्हास उतरवला की नवी पट्टी वाफवायची, कनूच्या बाहेरूनच वाकवून आकार द्यायचा, सुकली की आत बसवून पितळी चुका (बारीक खिळे) बाहेरून ठोकायच्या. आतून लोखंडाचा ठोकळा धरला की चुकेचं टोक वळून लाकडात रुततं. भीती कुजण्याची. दोन्ही टोकांची नाळ (टोकाला आकार देणारं वाकवलेलं लाकूड) आणि काठपट्ट्यांची टोकं सुरीने टोच. सुरी आत गेली तर पाठ फिरव. मग एका टोकाला उभं राहून काठावर नजर लाव, मध्येच उंचवटा दिसायला नको.

नाळेवर आतून क्रमांक असेल. ओल्ड टाउनच्या बांधणीच्या नोंदी टिकून आहेत, वुडन कनू हेरिटेज असोसिएशनची मंडळी शोधून देतात: लाकूड कुठलं, मूळ रंग कुठला, कुठे पाठवली. आणि जुन्या रंगात, फिलरमध्ये शिसं असतं. कोरडं घासू नकोस, घरात लेकरं असतील तर मुळीच नको.

मेपल_मामा: माईंचं पटलं. तरी सांगतो, नवा फिलर सुकायलाच महिना जातो. तेवढ्यात आमच्या चार सहली होतात.

सुतारपक्षी: मीही तेच म्हणतो, नाळ बघा. कुजली असेल तर दोन्ही सोडा, तिसरी शोधा.

भरती_ओहोटी: आज सुरी घेऊन गेलो. ओल्ड टाउनच्या पुढच्या नाळेत अर्धा इंच गेली. काठ मात्र सरळ आहे. तरी घेतली, ३०० ला. माई, रागावू नका. विकणाऱ्या आजोबांनी वडिलांचा तो लोखंडी ठोकळा हातात ठेवला, वाफेची पेटी वापर म्हणाले, शनिवारी स्वतः शिकवणार आहेत. असा माणूस तिसऱ्या कनूबरोबर मिळेलच असं नाही. नाळेसाठी लाकूड कुठलं आणू?

बँगोरची_माई: रागावत नाही. अ‍ॅश आण, सरळ रेषांचं, हवेवर सुकलेलं. भट्टीत सुकवलेलं वाकवताना तडकतं. दोन पट्ट्या जास्तीच्या घे. आणि जुनी नाळ काढण्याआधी तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून ठेव.