मदत हवी आहे: स्ट्रेस इमेजिंगला (हृदयावर ताण आणून केलेल्या रक्तप्रवाहाच्या स्कॅनला) ॲडेनोसिन, डायपिरिडॅमोल की रेगाडेनोसॉन?

प्रश्न
रुग्णाचं वजन ७० किलो. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतवाहिनीत अडथळा), जुना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार), पण आज छातीत घरघर नाही. ट्रेडमिल जमणार नाही. व्यायामाऐवजी हृदयाच्या धमन्या रुंदावणारी ही तिन्ही औषधं हाताशी आहेत. कोणतं द्यावं, आणि ट्रेसर (स्कॅनवर रक्तप्रवाह दाखवणारं किरणोत्सारी द्रव्य) कधी?

प्रतिसाद १
रेगाडेनोसॉन. ते मुख्यतः ए२ए रिसेप्टरवर (धमन्या रुंदावणाऱ्या ॲडेनोसिन-ग्राहकावर) काम करतं, त्यामुळे श्वासनलिका आवळण्याचा धोका कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे, इनहेलर जवळ ठेवाच. घरघर सुरू असती तर तिन्ही टाळायला सांगितलं असतं. डोस सर्वांना सारखाच, ०.४ मिग्रॅ म्हणजे ५ मिली. साधारण १० सेकंदांत द्या, लगेच ५ मिली सलाईन, मग १०–२० सेकंदांनी ट्रेसर. सोबत थोडं चालवण्याचा मोह टाळा: लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉकमध्ये ठोके वाढले की सेप्टममध्ये (हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत) खोटा दोष दिसतो.

धागाकर्ता
ॲडेनोसिनच द्यावं लागलं तर?

प्रतिसाद २
१४० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, ६ मिनिटं. तुमच्या रुग्णाला मिनिटाला ९.८ मिग्रॅ, ३ मिग्रॅ/मिलीचं द्रावण असेल तर पंप ताशी १९६ मिलीवर. ट्रेसर तिसऱ्या मिनिटाला, इन्फ्युजन (शिरेतून औषध सतत सोडणं) चालू असतानाच. खरी चूक इथेच होते. त्याच नळीतून ट्रेसर जोरात ढकलला की नळीत साचलेलं ॲडेनोसिन एकदम आत जातं आणि हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे वरच्या कप्प्यांतले विद्युतसंदेश खाली पोचत नाहीत. दुसरी सुई लावा, नाहीतर वाय-कनेक्टर (दोन नळ्या एकत्र आणणारा जोड) रुग्णाच्या अगदी जवळ ठेवून ट्रेसर सावकाश द्या. ब्लॉक टिकला तर इन्फ्युजन बंद करा. अर्धायुष्य १० सेकंदांहूनही कमी, बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

डायपिरिडॅमोल ०.५६ मिग्रॅ/किलो, ४ मिनिटांत. ट्रेसर ते संपल्यावर ३–५ मिनिटांनी. ते ॲडेनोसिनचं पेशींत परत शोषण अडवतं, म्हणून परिणाम अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळतो. सीओपीडीत मला ते नकोसं वाटतं ते यासाठीच. ॲमिनोफायलिन (या औषधांचा परिणाम उलटवणारं औषध) भरून तयार ठेवा.

आणि हो, रुग्ण गोळीने डायपिरिडॅमोल घेत असेल तर ॲडेनोसिनआधी ४८ तास बंद हवी.

प्रतिसाद १
कॅफीन किमान १२ तास बंद. नुसतं 'चहा घेतला का?' विचारून चालत नाही; कोला, चॉकलेट, डोकेदुखीच्या काही गोळ्या, शिवाय सीओपीडीवाल्यांचं थिओफायलिन, सगळं नाव घेऊन विचारा. कॅफीन हेच ॲडेनोसिन रिसेप्टर अडवतं, रक्तप्रवाह पुरेसा वाढत नाही आणि आजारी धमनीही स्कॅनवर निरोगी दिसते.

धागाकर्ता
रेगाडेनोसॉनचा त्रास झाला तरी ॲमिनोफायलिनच ना?

प्रतिसाद २
हो, ५० ते २५० मिग्रॅ शिरेतून सावकाश. शक्य असेल तर ट्रेसर देऊन एक-दोन मिनिटं उलटल्यावर. फक्त झटके (आकडी) आले तर देऊ नका. ॲमिनोफायलिनने झटके लांबू शकतात.