एसयूव्हीऐवजी ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन घ्यावी का?

प्रश्न: चौघांच्या कुटुंबासाठी गाडी बदलायची आहे. सामान बरेच असते, सोबत मोठा कुत्रा असतो आणि हिवाळ्यात बर्फातून जावे लागते. सगळे एसयूव्हीच सुचवतात. मला मात्र ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) वॅगन, म्हणजे छत मागे डिकीपर्यंत गेलेली लांब, बुटकी कार, अधिक पटते. निवड चुकेल का?

उत्तर १: मला तसे वाटत नाही. वॅगनचा गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे ती वळणावर कमी कलते, आणि छत बुटके असल्याने हवेचा विरोध घटून महामार्गावर इंधनही वाचते. कल्पना काही नवी नाही. जपानच्या सुबारू कंपनीने १९७२ मध्येच लिओनी वॅगनला फोर-व्हील-ड्राइव्ह दिली होती. आमचा म्हातारा कुत्रा एसयूव्हीत उचलून ठेवावा लागे. वॅगनच्या डिकीत तो पुढचे पाय टेकवून, जरा कुरकुरत का होईना, स्वतःच चढतो.

उत्तर २: सहमत आहे, परंतु चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी घसरड्या रस्त्यावर चटकन निघते, लवकर थांबत मात्र नाही, ब्रेक दाबल्यावर सारी भिस्त टायरवर असते, म्हणून हिवाळी टायरांचे पैसे आधी बाजूला काढावेत. नेहमीच्या वाटेवर खोल चाकोऱ्या असतील, तर जमिनीपासूनची उंची पाहूनच ठरवा.

प्रश्नकर्ता: टायर माझ्या हिशेबातच नव्हते. वाट डांबरी आहे, त्यामुळे उंचीची अडचण नसावी. आता कुत्र्याला घेऊनच गाडी पाहायला जातो.