जहाजावरून उतरून व्हॅलेटा: पाच-सहा तासांत काय जमतं?

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर माल्टाची राजधानी बहुतेकदा अर्ध्याच दिवसापुरती वाट्याला येते. शहर ज्यांच्या पायाखालचं आहे त्यांनी नेमकं लिहा: सुरुवात कुठून, गाळायचं काय, वेळ कुठे वाया जातो. ‘सुंदर आहे, नक्की जा’ एवढंच नको.

---

जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरताना उजव्या बाजूच्या डेकवर उभे राहा. आधी सेंट एल्मोचा किल्ला, मग सलग तटबंदी. पाण्यावरून दिसते तशी ती नंतर शहरात फिरताना दिसत नाही.

उतरल्यावर जमिनीकडे तोंड करून उजवीकडे वळा. दहा-पंधरा मिनिटांत जुन्या कस्टम हाउससमोर बराक्का लिफ्ट लागते. 58 मीटरचा चढ ती अर्ध्या मिनिटाच्या आत संपवते. तिकीट किरकोळ आहे, पण न्याहारी उरकून अख्खं जहाज एकदमच तिथे येतं. पहिल्या लोंढ्याच्या आधी तरी पोचा, नाहीतर तासभराने. रांग फार असेल तर व्हिक्टोरिया गेटमधून चालत वर जाता येतं. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र रांगच बरी.

---

वर आल्यावर अप्पर बराक्का बागेत रेंगाळू नका, थेट सेंट जॉन को-कॅथेड्रल गाठा. बाहेरून इतकं रुक्ष की लोक पुढे निघून जातात. आत पाऊल टाकलं की सगळा सोन्याचा मुलामा, आणि पायाखाली माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट सरदारांच्या संगमरवरी कबरींचे सुमारे 400 रंगीत दगड. त्यांना चरे पडू नयेत म्हणून टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. खांदे झाकलेले हवेत.

आधी ऑरेटरीत, म्हणजे कॅथेड्रलमधल्या प्रार्थना-दालनात जा. इटालियन चित्रकार कारावाज्जोचं 1608 मधलं ‘संत जॉनचा शिरच्छेद’ तिथे आहे, पाच मीटरहून रुंद. त्याने सही केलेलं हे एकच चित्र, आणि सही आहे ती चित्रातल्या रक्ताच्या थारोळ्यात! सोबतचं ऑडिओ गाइड सगळं ऐकत बसलात तर दीड तास जातो. निवडक ऐका, पाऊण तास पुरतो. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो. जहाज रविवारी लागणार असेल तर हा बेत आधीच बदला.

---

वरच्या सल्ल्याला जोड: बाराच्या ठोक्याला अप्पर बराक्काच्या खालच्या सज्जावरून तोफ उडते. त्या सज्जाला तिकीट लागतं, वरच्या बागेतून फुकट दिसतं. पावणेबारापर्यंत कठडा भरतो. कॅथेड्रलपासून बाग चालत दहा मिनिटांवर.

तोफ झाली की त्याच लिफ्टने खाली या आणि बंदरापलीकडच्या बिर्गू गावाला जा. फेरी बोट आहेच, पण दैसा नावाची रंगीत होडी जास्त मजेची. पैसे बसण्याआधी ठरवा, आणि सुटे युरो ठेवा. 1565 च्या वेढ्यात तुर्कांशी मुख्य झुंज याच काठावर झाली. व्हॅलेटा त्यानंतर, 1566 पासून बांधलं गेलं. बिर्गूच्या गल्ल्यांत गर्दी निम्मीही नसते.

---

मदिना (माल्टाची जुनी राजधानी) त्याच दिवशी उरकण्याचा मोह टाळा. 51, 52, 53 नंबरच्या बस शहराच्या वेशीबाहेरून सुटतात, तेव्हा जाताना जागा मिळते. येताना भरलेली बस थांब्यावर थांबतच नाही. मदिनाच हवं असेल तर व्हॅलेटा सोडा, किंवा जहाजाचीच सहल घ्या. ती उशिरा परतली तरी जहाज थांबतं, तुमच्या एकट्यासाठी थांबणार नाही.

---

दोन रूक्ष गोष्टी. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात आहे. मधे ट्युनिशियासारखं बंदर असेल तर परत शिरताना मल्टिपल एंट्री व्हिसा लागतो. आणि घड्याळ: ग्रीस माल्टाच्या एक तास पुढे. तिकडून येताना जहाज स्वतःची वेळ बदलेलच असं नाही, फोन मात्र आपोआप बदलतो. उतरताना दारावर लिहिलेली परतीची वेळ जहाजाची की गावची, ते विचारून घ्या.

---

भूक लागली तर पस्तित्सी, इथला पापुद्र्याचा खाऊ. आत रिकोटा चीज किंवा वाटाणा. शाकाहारींनी पापुद्र्यात डुकराची चरबी आहे का, हे दुकानात विचारावं. जुन्या पद्धतीत असते.