लिफ्टवरचा तो कागद
(सोसायटी ग्रुप, रविवार, ३ एप्रिल २०२२)

सुलभा ४०२: काल पाडव्याला राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. मग लिफ्टवर 'घरकामाच्या बायकांनी जिना वापरावा' हा कागद अजून का? आमच्या मावशी आज वर आल्या आणि दारातच बसल्या. पाच मिनिटं त्यांना बोलता येईना.

देशपांडे काका ६०१: ऐच्छिक म्हणजे बंद नव्हे. मास्क लावायचाच. 🙏

कुलकर्णी (सेक्रेटरी): ताई, २०२० चा ठराव आहे. सर्वानुमते झालाय. आपणही हजर होतात.

सुलभा ४०२: होते, हातही वर केला होता. आज त्याचं वाईट वाटतं. तेव्हा आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. आता कळलंय की हा विषाणू मुख्यतः बंद जागेतल्या हवेतून पसरतो. मग मावशींचा श्वास वेगळा आणि आपला वेगळा का?

प्रशांत २०३: माझ्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी कोणाची?

शिंदे काकू १०२: या बायका दहा घरं फिरतात, म्हणून म्हणतो.

नेहा ५०४: आणि आपली माणसं रोज भरलेल्या लोकलने फिरतात, काकू. आमच्याकडे जानेवारीत ओमिक्रॉन आला तेव्हा बाई पंधरा दिवस गावी होती.

देशपांडे काका ६०१: मास्क लावायचाच. 🙏

मनोज ३०१: काका, काल गच्चीवर तुमचा हनुवटीला होता 😀

देशपांडे काका ६०१: माझी बायपास झालीय. चेष्टा नको.

मनोज ३०१: सॉरी काका.

सुलभा ४०२: काकांची काळजी खरी आहे. पण गेटवरच्या ताप मोजायच्या गनने काय होतं? परवा माझं तापमान ३२ आलं, वॉचमनने ते वहीत लिहूनही घेतलं. आणि लक्षणं नसलेला माणूस तिला सापडतच नाही. त्यापेक्षा क्लबहाउसच्या खिडक्या उघड्या ठेवा. १६ मार्चपासून साठीपुढच्या सगळ्यांना लशीचा तिसरा, प्रिकॉशन डोस खुला आहे, दुसऱ्यानंतर नऊ महिन्यांनी. काका, तुमचा झाला?

प्रशांत २०३: पांढरी गाडी?? दुसऱ्यांदा विचारतोय.

कुलकर्णी (सेक्रेटरी): विषय सभेत घेऊ. सर्वांच्या भावना जपायच्या आहेत.

सुलभा ४०२: जिना चढणाऱ्यांच्यासुद्धा?

देशपांडे काका ६०१: दुसरा डोस मेमध्ये झाला होता. तिसरा राहिलाय. मुलगा परदेशात, नेणार कोण?

नेहा ५०४: मी नेते, काका. उद्या दहाला.

सुलभा ४०२: कागद काढलाय. माझ्याकडे ठेवलाय, सभेत आणते.

कुलकर्णी (सेक्रेटरी): ताई, हे बरोबर नाही झालं.

देशपांडे काका ६०१: नेहा, दहाला खाली येतो. मास्क लावून ये. 🙏