रंग जातो, पण सीओडी उतरत नाही: ॲनोड बदलावा का?

प्रश्न – रंगघर, इचलकरंजी
आमच्या प्रोसेस हाउसमध्ये सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगाईला साधे मीठ वापरतात. जैविक प्रक्रियेनंतरच्या पाण्यावर रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा लेप असलेले टायटॅनियमचे पत्रे ॲनोड (धन टोक) म्हणून लावून वीज सोडून पाहिली. वीस मिनिटांत जांभळे पाणी जवळजवळ नितळ होते आणि क्लोरीनचा वास सुटतो. परंतु सीओडी (पाण्यातील घाण ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचे माप) ६२० वरून ५४० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतच येतो, आणि आम्हाला २५० ची मर्यादा पाळायची आहे. मिठातून येणारे क्लोराइड सुमारे ४००० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. विक्रेता बोरॉन-डोप्ड डायमंडचे (वीज वाहावी म्हणून बोरॉन मिसळलेल्या कृत्रिम हिऱ्याच्या लेपाचे) इलेक्ट्रोड सुचवतो. घ्यावेत का?

उत्तर – विद्युतरसायन
आपले पत्रे मुळात क्लोर-अल्कली (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन व कॉस्टिक सोडा काढणाऱ्या) कारखान्यांसाठी घडवलेल्या जातीचे आहेत, त्यामुळे ते क्लोरीन उत्तम काढतात. तो क्लोरीन ॲझो रंगाचा दुहेरी नायट्रोजन बंध तोडतो आणि रंग जातो, मात्र रेणूचे तुकडे पाण्यातच राहतात. डायमंडवर ऑक्सिजन सुटायला हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत २.२ व्होल्टहून अधिक विभव लागत असल्याने तेथे हायड्रॉक्सिल रॅडिकल (पाण्यापासून बनणारे अतितीव्र ऑक्सिडीकारक कण) सैलपणे उपलब्ध राहतात आणि ते तुकडे कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाळतात. लेड डायऑक्साइड स्वस्तात तेच काम बऱ्यापैकी करते. पण लेप झिजून शिसे पाण्यात उतरण्याची भीती असल्याने मी ते नदीकडे जाणाऱ्या पाण्यात वापरणार नाही.

विजेचा हिशेबही करावा. एक किलो सीओडीला किमान ३३५० अँपिअर-तास लागतात, म्हणजे ५ व्होल्टवर सुमारे १७ युनिट. तेही प्रवाहाचा कण न् कण कामी आला तर. सीओडी इतका कमी असताना सेंद्रिय रेणू पत्र्यापर्यंत पुरेशा वेगाने पोचत नाहीत आणि उरलेली वीज ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात जाते.

उत्तर – प्रयोगशाळेतील एक
खरेदीआधी सीओडीची चाचणी तपासा. त्या चाचणीतील डायक्रोमेट हे रसायन सेंद्रिय घाणीबरोबर क्लोराइडलाही ऑक्सिडाइज करते. एक मिलिग्रॅम क्लोराइड ०.२३ मिलिग्रॅम सीओडी दाखवू शकतो. तयार कुप्यांतील मर्क्युरिक सल्फेट साधारण २००० पर्यंतचाच क्लोराइड झाकते. नमुना तिप्पट पातळ करून कमी पल्ल्याच्या कुपीत घाला. त्याआधी उरलेला क्लोरीन सोडियम सल्फाइटने मारा, पण स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा व्हायचा थांबताच हात आवरा, कारण जादा सल्फाइट स्वतःच सीओडी वाढवते.

रंगघर, इचलकरंजी
तसे केले. पत्र्यांच्या प्रक्रियेआधी सीओडी २९०, नंतर २१०. डायमंडची ऑर्डर तूर्त थांबवली आहे.

विद्युतरसायन
उत्तम. तरीही क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगांची एओएक्स चाचणी करून घ्या; २१० मध्ये नेमके काय आहे, हे सीओडी सांगत नाही. डायमंड घेतलाच असता, तर इतक्या क्लोराइडवर परक्लोरेट हे घातक क्षारही तयार झाले असते. रंगाईत मिठाऐवजी सोडियम सल्फेट वापरणे जमेल का, तेही पाहा.