दोर, तार आणि तास

बिनड्रायव्हरचा ट्रॅक्टर ही जीपीएस आल्यानंतरची गोष्ट, असं कुणी कुणी म्हणतं. तसं नाही हो. 1920 च्या दशकातच अमेरिकेत आधीच्या तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या सरीत, चाक घालून त्याच्या आधाराने ट्रॅक्टर चालवायची खटपट झाली होती. आमच्याकडे बैल तासातून चालतो, तेच.

मला सगळ्यात आवडतो तो 1940 चा इलिनॉयमधल्या फ्रँक अँड्र्यूचा प्रयोग. वावराच्या मधोमध पक्का पिंप रोवायचा, त्याला दोर बांधून दुसरं टोक ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला. ट्रॅक्टर फिरतो तसा दोर पिंपावर गुंडाळला जातो आणि प्रत्येक फेरी पिंपाच्या घेराइतकी आत सरकते. म्हणजे 6 फुटी अवजाराला साधारण 2 फूट व्यासाचा पिंप. किती सुंदर हिशेब आहे! फक्त चौकोनी वावराचे कोपरे राहतात, आणि आमच्याकडे तर धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पेरल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहत नाही.

पुढे 1950 च्या दशकात फोर्डने जमिनीत पुरलेल्या तारेचा माग काढणारा ट्रॅक्टर केला. तो बाजारात आलाच नाही, कारण वावरभर तार पुरणार कोण? आमच्या काळ्या मातीत तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तार जागेवर राहणं कठीणच. कारखान्यात मात्र तारेमागे चालणाऱ्या गाड्या टिकल्या, कारण तिथली फरशी हलत नाही.

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या ओळींमधून, डवरणी करताना बोटभर चूकही झाड कापते. म्हणून असा ट्रॅक्टर विकत घेताना मी आधी अचूकता विचारीन, वेग नंतर.