प्रतिसाद : उजळणी आपल्याच पुस्तकातून

महाराष्ट्र बोर्डाचे दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीच्या मराठी माध्यमाच्या मुलांनी सोडवावेत का, असा प्रश्न आहे. माझ्या मते सरावाला हरकत नाही, पण शेवटच्या महिन्यात नकोत. तिकडे गणित नि विज्ञान दोन्हींचे दोन-दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांचे पेपर. आपल्या एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला, प्रत्येकी एकच पेपर, ८० गुणांचा, २० अंतर्गत. त्यामुळे वेळेचं गणितच बदलतं.

शेवटी उजळणी आपल्याच पुस्तकातून करा. थेल्सचं प्रमेय (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना सारख्याच प्रमाणात विभागते) नुसतं वाचू नका, पुस्तक मिटून सिद्धतेसह लिहा. रेषीय समीकरणांची जोडी आलेखानेही सोडवा. विज्ञानात अंतर्वक्र आरशाच्या किरणाकृती वस्तूची जागा बदलत पुन्हापुन्हा काढा. किरणांची दिशा दाखवणारे बाण विसरतात मुलं! शिकवणीला पैसे नसलेल्या घरातही एवढं नक्की जमतं.